निळा किती ठेवायचा

रविवार, ६ एप्रिल

१. नानांच्या प्रवाळाच्या टाकीवरच्या जुन्या ट्यूबलाइट मार्चअखेरीस काढल्या. त्या जागी रोहितनं पुण्याहून पाठवलेला एलईडी दिवा लावला. वायरिंग मी केलं.

२. दिव्यात चार रंग आहेत: निळा, जांभळा, पांढरा, लाल. प्रत्येक रंग शून्य ते शंभर टक्के. बाजूला टांगलेल्या छोट्या डब्यावर बोट फिरवून बदलता येतो.

३. मी ठेवलं ते असं: निळा चाळीस, जांभळा वीस, पांढरा पंधरा, लाल दोन.

४. आज पाहिलं तेव्हा निळा आणि जांभळा दोन्ही शंभरवर होते.

५. छत्री मिटली आहे. कडा फिकट, एका बाजूला जवळजवळ पांढरी.

६. कारण माहीत नाही.

कारखान्यात एखादा ट्रान्सफॉर्मर चाचणीत नापास झाला की आम्ही असाच अहवाल लिहितो. आधी काय झालं ते, का झालं ते नंतर. डायरी लिहिण्याची दुसरी पद्धत मला येत नाही.

टाकी माझी नाही, घरही माझं नाही. प्रेम नगरमधल्या या घरात मी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. खाली नानासाहेब आणि कमलिनीकाकू. मिरजेहून इथे नोकरीला आले तेव्हा मराठी घर मिळालं म्हणून आई निश्चिंत झाली. यांचे पूर्वज पेशवाईत कारकून म्हणून झाशीत आले आणि परत गेले नाहीत. नाना मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवतात. रोहित, त्यांचा मुलगा, फोनवर आईवडिलांचं मराठी ऐकतो आणि उत्तर हिंदीत देतो.

नाना रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याची टाकी केली. पाणी फिल्टरचं, मीठ पाकिटातलं, उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला वेगळं यंत्र. छत्री म्हणजे त्या टाकीतलं सगळ्यात मोठं मऊ प्रवाळ. अळंबीसारखं, वर बारीक बोटांची लव. आणलं तेव्हा पेढ्याएवढं होतं, आता ताटाएवढं आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ त्यावर जगतं. उजेड अती झाला की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि मग उपाशी मरतं.

नाना म्हणाले, "ही गेली तर मी टाकी बंद करणार. आता दुसरी वाढवायला टाइम नाही माझ्याकडे."

साध्या आवाजात म्हणाले. दिवा मी लावला आहे.

आकडे पूर्ववत केले.

मंगळवार, ८ एप्रिल

संशय विजेवर. वीज जाते, इन्व्हर्टर लागतो, त्या झटक्यात डब्यातली नोंद पुसली जाऊन कंपनीचं मूळ सेटिंग परत येत असेल. मेन स्विच पाडून उठवून पाहिला, बऱ्याच वेळा. आकडे एकदाही हलले नाहीत. तरीही हा संशय मी सोडलेला नाही, कारण यात कोणाचा दोष निघत नाही. डब्याला वेगळा यूपीएस जोडला.

माझ्याकडच्या लक्समीटरनं उजेड मोजला. निळा आणि जांभळा मुद्दाम शंभरवर नेऊन मोजला, तरी आकडा स्वयंपाकघराच्या खिडकीपेक्षा कमी आला. म्हणजे उजेड अती नाही. मग छत्री पांढरी का पडते आहे?

नाना सकाळी टाकीसमोर वेताची खुर्ची टाकून बसतात. मी निघायच्या आधी त्यांना हिंदी पेपर मोठ्यानं वाचून दाखवते. माझी हिंदी सुधारावी म्हणून त्यांनी ही सवय लावली आहे. मथळे नाही, आतल्या बारीक बातम्या. आज मोठ नावाच्या गावातल्या मंडीतले वाटाण्याचे भाव वाचले. ते डोळे मिटून ऐकतात आणि उच्चार एकदाही दुरुस्त करत नाहीत, त्यामुळे सुधारणा कितपत होते आहे कळत नाही. मला घाई असते, पण मोठ्या माणसाला नाही म्हणणं जमत नाही.

त्यांनी स्कूटरही विकून टाकली. या वयात चालावं, म्हणाले.

बुधवार, ९ एप्रिल

निळा पुन्हा शंभर. वीज दिवसभर होती, असं काकू म्हणाल्या. काकूंना आठवत नसेल.

शुक्रवार, ११ एप्रिल

काकूंचं चैत्राचं हळदीकुंकू. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे ज्या येतात त्या सगळ्या एकमेकींना ओळखतात, आणि शेजारच्या हिंदी घरांतल्या बायकाही येतात. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. काकूंनी या वर्षी गौरीचा पाळणा टाकीशेजारी मांडला होता, म्हणजे मागे समुद्र दिसेल.

सकाळीच मला बोलावून त्या म्हणाल्या होत्या की आजच्या दिवस दिवा पांढरा ठेव, निळ्यात कुंकू काळं दिसतं. बरोबर आहे. कुंकू फक्त लाल परत फेकतं, आणि निळ्या उजेडात परत फेकायला लाल नसतोच. मी पांढरा ऐंशी आणि लाल तीस केला, निळा दहावर आणला. एका संध्याकाळीत छत्रीचं काही बिघडणार नव्हतं.

मी आत पेल्यांत पन्हं ओतत होते. बाहेर एकदम हशा झाला. जाऊन पाहते तर दिवाणखाना गडद निळा. नानांच्या चुलत बहीण विजयालक्ष्मीआत्या पाळण्यापुढे बसल्या होत्या.

"वहिनी, हे हळदीकुंकू आहे का भुतांची पंगत?" त्या म्हणत होत्या. "माझ्या कपाळाला लावलंस काय, काजळ?"

नाना टाकीजवळच उभे होते. म्हणाले, "अगं, आता कुठे नीट उजेड पडला. इतका वेळ सगळ्या कंदिलात बसल्या होतात."

"दादा, तुझ्या सिग्नलला गाड्या थांबायच्या कशा, भगवान जाने."

पुन्हा हशा. नाना हसले नाहीत. विनोद करून स्वतः न हसणं ही त्यांची पद्धत असावी.

नंतर मी दिलेली डाळीची वाटी त्यांनी तिपाईवर ठेवली, ती निम्मी कडेबाहेर. पडायच्या आत काकूंनी धरली. काकूंचा हात आधीपासूनच तिथे होता. गर्दीत घरच्या बाईचं लक्ष सगळीकडे असतं.

नोंद: वीज गेली नव्हती. डबा यूपीएसवर होता. विजेचा संशय संपला. आकडे कोणीतरी बोटानं बदलतं.

शनिवार, १२ एप्रिल

नानांना सरळ विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. अर्थात तेच. रोज सकाळी. मी लावते ते मळकट दिसतं.

मी म्हटलं की छत्रीला त्रास होतो आहे. ते म्हणाले, त्रास झाला असता तर दिसला असता, आठ वर्षं ते तिला बघतायत. मी म्हटलं की कडा पांढऱ्या पडल्या आहेत. ते बराच वेळ टाकीत बघत राहिले आणि म्हणाले, कुठे?

हट्टी माणूस समोरची गोष्टही नाकारतो. मी वाद घातला नाही. डब्याला चार आकड्यांचं कुलूप घालायची सोय आहे, ते घातलं. त्यांना सांगूनच घातलं.

"झाशीला कुलूप लावायला आधीही लोक येऊन गेलेत, बेटा," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

मी त्यांना म्हटलं होतं, डोळ्यावर नका जाऊ, मीटरवर जा. हे वाक्य चुकीचं नाही.

रविवार, १३ एप्रिल

वाक्य चुकीचं आहे.

लक्समीटर हा मुळात माणसाच्या डोळ्याच्या मापानं बनवलेला असतो. डोळ्याला हिरवा-पिवळा जास्त जाणवतो म्हणून मीटरही तो जास्त मोजतो, आणि निळा-जांभळा अगदी थोडा. प्रवाळातल्या शेवाळाला मात्र निळाच जास्त लागतो. म्हणजे शंभर टक्के निळ्यात छत्री भाजून निघत होती आणि माझा मीटर सांगत होता की खिडकीपेक्षा कमी. हे मला शिकवलेलं आहे. परीक्षेत लिहून गुणही घेतले असतील.

झाडांचा उजेड मोजायचा वेगळा सेन्सर मागवला.

नानांना हे सांगायला हवं. ते आज दिवाणखान्यात आले नाहीत.

गुरुवार, १७ एप्रिल

सेन्सर आला. शंभर टक्क्यांवर छत्रीच्या जागी उजेड तिला लागतो त्याच्या तिपटीहून जास्त. आता निळा पंचवीस, जांभळा दहावर आणला आहे. आजारी माणसाला पेज द्यावी तसं. छत्री मिटलेलीच आहे, पण पांढरा भाग आणखी पसरलेला नाही.

नाना टाकीसमोर बसत नाहीत. पेपर वाचायला सांगत नाहीत. माझा वेळ वाचतो. कारखान्याची बस येईपर्यंत मी पायरीवर बसून असते.

काकूंना विचारलं की नाना रागावले आहेत का.

"बोलत नाहीत म्हणजे रागावले, असं नाही गं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. डबा घेऊन जा. कारल्याची भाजी आहे."

डबा लावायचं आमचं ठरलेलं नाही. भाड्यात जेवण नाही. मी रोज परत करायचं म्हणते, आणि धुऊन परत करते तो रिकामा.

रविवार, २० एप्रिल

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

नानांना पटवायचं तर चाचणी हवी, असं मी ठरवलं. मत नको, आकडा हवा. त्यांना म्हटलं की टेस्ट घेऊया, तुमची आणि माझी, एकसारखी. टेस्ट या शब्दावर ते उठून बसले. टेस्टला मी जिंदगीत नाही म्हटलं नाही, म्हणाले.

दुपारीच सगळे पडदे ओढले, फटींना चादरी लावल्या. दिवा बंद. टाकीपुढे पांढरा कागद धरला. फक्त जांभळा रंग शून्यापासून हळूहळू वाढवायचा, आणि कागदावर उजेड पहिल्यांदा दिसला की "आता" म्हणायचं. डब्यावरचा आकडा बघणाऱ्याला दिसणार नाही.

आधी मी बसले. काकूंनी बोट फिरवलं. तिन्ही वेळा माझं "आता" दोन किंवा तीन टक्क्यांवर आलं.

मग नाना बसले, मी बोट फिरवलं. दहा गेले. वीस गेले. मला कागद लख्ख जांभळा दिसत होता आणि ते त्याच्याकडे टक लावून गप्प होते. मला वाटलं त्यांना नियम नीट समजला नाही. साठ झाल्यावर म्हणाले, "आता."

दुसऱ्यांदा एकोणसाठ. तिसऱ्यांदा बासष्ट.

हट्टानं चुकणारा माणूस दर वेळी वेगळा चुकतो. चूक इतकी एकसारखी आली की ती उपकरणात असते, हे मी कारखान्यात नवीन मुलांना स्वतः शिकवते. मी डब्यावरचं बोट उचललं नाही. पेपरातल्या बारीक बातम्या. स्कूटर. डाळीची वाटी, आणि आधीच तिथे असलेला काकूंचा हात.

"किती आला?" नानांनी विचारलं.

सांगितला.

"तुझा?"

तोही सांगितला.

"फेल," ते म्हणाले.

मी पडदा बाजूला केला. ते म्हणाले, राहू दे थोडा वेळ, म्हणून परत ओढला. अंधारात बोलणं त्यांना सोपं गेलं असावं. रेल्वेत दर काही वर्षांनी त्यांची डोळ्यांची परीक्षा व्हायची. लाल-हिरवं ज्याला नीट सांगता आलं नाही, तो दुसऱ्या दिवसापासून टेबलावर फायली बांधत बसायचा. त्यांच्याबरोबरच्या एकाला त्यांनी तसं बसलेलं पाहिलं होतं. ते स्वतः एकदाही नापास झाले नाहीत. डॉक्टरकडे गेलो तर आता कोणीतरी तसं लिहून देणार, एवढंच त्यांच्या मनात.

"ट्यूबलाइटला बटण नव्हतं, बेटा," ते म्हणाले. "टाकी मळत चालली असं दिसायचं, मी काच पुसायचो. पुसून पुसून थकलो. मग हा तुझा दिवा आला. बोट फिरवलं की टाकी एकदम पहिल्यासारखी. रोज सकाळी तिला पहिल्यासारखी करायचो. ती ठीक दिसली की वाटायचं, चलो, आपले डोळेही ठीक आहेत."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना नवीन काही कळलं असं दिसलं नाही.

मला सांत्वन करता येत नाही. मी माहिती दिली. डोळ्याचं भिंग वयानं पिवळं होतं, जांभळा आणि निळा ते आतच अडवतं. ते काढून दुसरं बसवतात. डोळ्याच्या आतला पडदा आणि नस चांगली असेल तर दिसणं परत येतं. ही परीक्षा नाही, दुरुस्ती आहे.

"आणि छत्री? तिला मीच मारत होतो?"

"हो," मी म्हटलं. मग म्हटलं, "माझा मीटरही चुकीचा होता. मला आधी कळायला हवं होतं."

"म्हणजे तूही फेल."

"हो."

"मग बरं," ते म्हणाले. "उघड तो पडदा."

मंगळवार, २२ एप्रिल

अर्धी रजा टाकून नानांना इलाइट चौराह्याजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडदा चांगला. नस चांगली. डॉक्टर म्हणाल्या, इतके दिवस काय करत होतात?

"टाकी सांभाळत होतो, जी," नाना म्हणाले.

उजवा डोळा आधी, पुढच्या मंगळवारी. रोहितला मी फोन केला. त्याला या महिन्यात यायला जमत नाही. तो म्हणाला की दिवा त्यानं वडिलांना बरं वाटावं म्हणून पाठवला होता. मी म्हटलं, दिवा चांगला आहे. दिव्यामुळेच कळलं.

मंगळवार, २९ एप्रिल

ऑपरेशन झालं. मी बाहेर बसले होते. काकूंनी जपाची माळ आणली होती, पण ती हातात घेऊन त्या मला ट्रान्सफॉर्मरमध्ये नेमकं काय असतं ते विचारत राहिल्या. मी सगळं सांगितलं, तेलापासून. त्यांनी सगळं ऐकलं.

बुधवार, ३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. सकाळी पट्टी काढली.

परत येताना रिक्षात नाना वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. "कोचिंग. कोचिंग. लस्सी. कोचिंग. चश्मा घर. कोचिंग." रिक्षावाले भैया मागे वळून म्हणाले की बाबूजी पहिल्यांदाच शहरात आले का. नाना म्हणाले, हो, असंच समजा.

घरात शिरल्यावर ते काकूंसमोर उभे राहिले.

"कमलिनी, हे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्ही टाकीत बघत होतात तेव्हा," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. चहाला आज नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मग नाना टाकीपुढे आले. आणि थबकले. इतका निळा कोणी केला, कुलूप कोणी तोडलं, त्यांनी विचारलं. मी डबा दाखवला: निळा तीस, जांभळा बारा. त्यांनी दोनदा वाचला, स्वतः, चष्म्याशिवाय. मग हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. डॉक्टरांनी जोरात हसू नका असं सांगितलं नव्हतं, पण खोकू नका सांगितलं होतं, म्हणून मी त्यांना थांबायला सांगितलं. त्यांना थांबता येईना.

"मग मी विजयालक्ष्मीला काय दाखवलं होतं?" ते म्हणाले. "हाय राम. खरंच भुतांची पंगत."

मी पाणी प्यायला वर गेले. थोड्या वेळानं खाली आले.

रविवार, ४ मे

सकाळी छत्री उघडली.

पूर्ण नाही. एका बाजूची बोटं बाहेर आली आहेत, पाण्याबरोबर हलतात. पांढऱ्या कडेला अगदी फिकट तपकिरी छटा आहे, म्हणजे शेवाळ परत येतं आहे. मी फोटो काढले, तुलना केली, खात्री केली. फरक आहे.

नानांनी ओरडून मला खाली बोलावलं होतं. मला आधी वाटलं पडले. जिना कसा उतरले आठवत नाही.

काकूंनी शिरा केला. छत्रीसाठी, म्हणाल्या, पण वाट्या तीनच काढल्या.

आज बऱ्याच दिवसांनी दुपारी झोपले.

मंगळवार, ६ मे

टाउनशिपमधलं क्वार्टर मला मिळालं आहे. कारखान्याच्या फाटकापासून चालत जाण्याएवढं, कूलरची सोय, भाडं नावाला. अर्ज केल्याचं मी विसरून गेले होते.

काकूंना सांगितलं. चांगलं झालं, तुझी बसची धावपळ वाचेल, म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या. गरजेपेक्षा बराच सोलला.

गुरुवार, ८ मे

नानांना आता दोन टाक्या दिसतात. उजवा डोळा मिटला की जुनी, डावा मिटला की नवी. पाहुण्यांना करून दाखवतात. एरवी ही गोष्ट गमतीची आहे, पण आज सकाळी थेंब घालताना त्यांनी सांगितलं की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाही. एकानं काम चालतं.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, "त्या डोळ्यात कमलिनीचे केस अजून काळे आहेत."

काकू आतून म्हणाल्या, "मग त्या डोळ्यानं मला बघा आणि ह्या डोळ्यानं तांदूळ निवडा."

हे कारण नाही. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाले की दर वेळी तुला रजा टाकायला लावायची का, तुझं तुला काही आहे की नाही, आणि आता तू लांब जाशील, तिथून रोजचे थेंब कोण घालायला येणार, कमलिनीचा हात थरथरतो. मी म्हटलं की माझ्या क्वार्टरचा आणि तुमच्या डोळ्याचा संबंध नाही. ते म्हणाले, बिलकुल नाही, मी कुठे म्हटलं.

मग पेपर पुढे केला. वाच, म्हणाले. आता त्यांना स्वतःला वाचता येतो. मी तसं म्हटलंही. तुझी हिंदी अजून कच्ची आहे, म्हणाले.

त्यांनी दिलेली कारणं तपासली तर एकही पटण्यासारखं नाही.

रविवार, ११ मे

डब्याचं कुलूप काढून टाकलं. नाना स्वतःहून निळा पस्तीसच्या वर नेत नाहीत. छत्री जवळजवळ पूर्ण उघडते आहे, आणि मला गेल्या आठवड्यात रोज नीट झोप लागली.

डाव्या डोळ्याबद्दल तोंडी विचारलं की ते विषय हिंदीत नेतात आणि तिथून गप्पांत. रेल्वेचा माणूस कागदाला उत्तर देतो. म्हणून लिहून दिलं, टाकीच्या काचेवर चिकटवलं. नक्कल इथे ठेवते.

नाना,

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी २० मे, मंगळवार ही तारीख राखून ठेवली आहे. हवी की नको ते त्यांना या शुक्रवारी कळवायचं आहे. त्या डोळ्यातला मोतीबिंदू जास्त कडक झाला आहे. आणखी थांबलं तर ऑपरेशन अवघड होईल, असं त्यांनी मला सांगितलं. तुम्ही तेव्हा बाहेर पाट्या वाचत होता.

टाउनशिपमधलं क्वार्टर घ्यायचं की नाही, हेही मला शुक्रवारीच कळवायचं आहे. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही असं मी म्हटलं होतं. ते बरोबर नव्हतं. ऑपरेशनच्या दिवसाची रजा मी टाकली आहे. पुढे थेंब घालावे लागतील, ते टाउनशिपमधून जमणार नाही. छत्रीचा उजेड हळूहळू वाढवायचा आहे, तेही तिथून जमणार नाही. त्यापुढचा हिशेब मी केलेला नाही.

तुम्ही हो म्हणालात तर मी क्वार्टर नाकारते आणि कारण म्हणून ऑपरेशन लिहिते. तुम्ही नाही म्हणालात तरी नाकारावं असं माझ्या मनात आहे, पण मग कारण काय लिहायचं ते मला सुचत नाही.

तुमचं उत्तर गुरुवार, १५ मेपर्यंत कळवावं.

मेघना